कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानातून नर्मदा

नर्मदा आंदोलन म्हटलं की लोकांना मेधाताई आठवतात, गळ्यापर्यंत पाण्यात उभी माणसं आठवतात, मुठी आवळलेल्या बायका आठवतात. मला पिशव्या आठवतात. बियाण्याच्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळीने बांधलेल्या, आत कागदच कागद. इंदूरला हायकोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. हल्ली तिथे भाचा बसतो आणि आधार अपडेट, ऑनलाइन फॉर्म यांवर माझ्यापेक्षा बरं कमावतो. मी सुरुवात केली ती हिंदी टाइपरायटरवर. मग कॉम्प्युटर आला, कृतिदेव हा हिंदी फॉन्ट आला, बोटं तीच राहिली. शपथपत्रं, वकालतनामे, भाडेकरार, नाव बदलल्याच्या जाहिराती. पानागणिक पैसे. कोणाच्या भानगडीत डोकं घालायचं नाही हा धंद्याचा नियम, पण हाताखालून जे जातं ते डोळे वाचतातच, त्याला इलाज नाही.

निमाडातले लोक माझ्याकडे यायला लागले ते एका वकीलसाहेबांमुळे. त्यांच्याकडे बडवानी, धार, खरगोन या भागातले पक्षकार बरेच. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, इंदूर माळव्यात, पठारावर. मानपूरवरून घाट उतरला की खाली निमाड, नर्मदेचं खोरं. कापूस, मिरची, केळी, पपई, आणि उन्हाळ्यात अंगाची लाही. इंदूरच्या मराठी घरांचा निमाडाशी संबंध म्हणजे महेश्वर. अहिल्याबाईंचा घाट, दोन साड्या, एक नौका, संध्याकाळी परत. आम्हीही तेवढंच ओळखायचो.

खरं तर त्याहून मोठा संबंध रोज आमच्या नळातून येतो. इंदूर जे पाणी पितं ते नर्मदेचं, मंडलेश्वरजवळच्या जलूद गावातून उचललेलं. सत्तर किलोमीटरची पाइपलाइन, आणि मधे अख्खा विंध्य. नदी दीडशे मीटरच्या आसपास वाहते, शहर साडेपाचशे मीटरवर बसलंय, त्यामुळे प्रत्येक बादली विजेवर चढून वर येते. महानगरपालिकेचं विजेचं बिल एवढं फुगलं की 2023 मध्ये तिने 244 कोटींचे हरित रोखे काढले आणि जलूदलाच सौर प्रकल्प घेतला. हे पाणी एक दिवसाआड येतं, आणि ज्या दिवशी उशिरा येतं त्या दिवशी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर जो गोंधळ उडतो तो बघण्यासारखा असतो.

हे पाणी इंदूरला फुकट मिळालेलं नाही. 1970 मध्ये त्यासाठी या शहरात आंदोलन झालं होतं, आणि आमचे अण्णा त्यात होते. तोवर यशवंत सागर आणि बिलावली-सिरपूरसारख्या तलावांवर भागत होतं, शहर वाढलं तसं पुरेना. विद्यार्थी, वकील, गिरणी कामगार, व्यापारी, सगळे रस्त्यावर. अण्णा तेव्हा नोकरीला नुकतेच लागले होते. सभा, मोर्चे, बंद. त्यांच्या तोंडून ते वर्णन आम्ही इतक्यांदा ऐकलंय की मीच राजवाड्यावर उभा होतो असं वाटायला लागलं. श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री होते. त्याच पावसाळ्यात सरकारने मान्य केलं, आणि 1978 मध्ये नर्मदा इंदुरात आली. अण्णांच्या आयुष्यात त्यांनी सरकारविरुद्ध केलेली ही एकमेव गोष्ट, आणि ती यशस्वी झाली. त्यामुळे आंदोलन केलं की सरकार ऐकतं, असं त्यांचं पक्कं मत बनलं. नाही ऐकलं तर तुमच्या मागणीतच खोट असणार.

तेव्हा मी निमाडवाल्यांचे अर्ज टाइप करतो हे कळल्यावर ते म्हणाले, "आम्ही नर्मदा आणा म्हणत होतो, हे नर्मदा बचाओ म्हणतात. पाणी त्यांचं पितोस आणि वर कागदही त्यांचेच टाइप करतोस."

मी म्हटलं, "अण्णा, पानाचे पैसे घेतो."

"मग ठीक आहे," म्हणाले. अण्णा तसे व्यवहारी.

आता कागदांकडे येतो. नर्मदा पाणीतंटा लवादाने 1979 मध्ये निवाडा दिला. सरदार सरोवराची उंची ठरली 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर. धरण गुजरातेत, पण बुडणाऱ्या गावांत सर्वांत जास्त मध्य प्रदेशातली: 192 गावं आणि धरमपुरी हे एक शहर. महाराष्ट्रातली 33, गुजरातेतली 19. आणि त्याच निवाड्यात बुडणाऱ्यांसाठी अटी होत्या. ज्याची पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन जाते त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, कमीत कमी दोन हेक्टर. घरातला प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. पाणी चढण्याच्या निदान सहा महिने आधी माणसं हलवलेली पाहिजेत. वाचायला उत्तम. मी टाइप केलेले बहुतेक अर्ज या तीन वाक्यांवर उभे होते. खोऱ्यातल्या लोकांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं असतं, की सरकारला बंधनकारक असलेला कागद सरकारनेच पाळावा, यात विरोध नक्की कशाला झाला?

बाकी आंदोलनाचा इतिहास मराठी वाचकाला मी काय सांगायचा. 28 सप्टेंबर 1989 ला हरसूदला देशभरातून माणसं जमली आणि "विकास चाहिए, विनाश नहीं" अशी घोषणा झाली. पुढे 2004 मध्ये तेच हरसूद इंदिरा सागर धरणात गेलं. बाबा आमटे 1990 मध्ये आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावदला नदीकाठी येऊन राहिले. त्या वर्षाच्या शेवटी बडवानीजवळच्याच राजघाटहून गुजरातच्या सीमेपर्यंत यात्रा गेली, फेरकुव्याला अडवली गेली. जागतिक बँकेला चौकशी नेमावी लागली, आणि 1993 मध्ये बँकेचं कर्ज थांबलं. या सगळ्या बातम्या इंदुरात यायच्या, सकाळी पोह्यांबरोबर वाचून व्हायच्या. बाबांबद्दल आमच्याकडे फार आदर. पण ते कुष्ठरोग्यांसाठी काम करत होते तेव्हाचे बाबा. नदीकाठचे बाबा म्हटलं की लोक विषय बदलायचे.

माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी एक होत्या जीजी. त्यांच्या गावात लहानथोर सगळे त्यांना जीजी म्हणायचे, म्हणून मीही. धार जिल्ह्यातल्या, नदीकाठच्या चिखल्दा गावाच्या बाजूच्या. निमाडी पद्धतीने पदर पुढे ओढलेला, हातात तंबाखूची डबी, आणि ती पिशवी. लिहिता येत नव्हतं, पण कोणता कागद कुठला हे त्यांना रंगावरून, घडीवरून, कोपऱ्यावरच्या शिक्क्यावरून कळायचं. पहिल्यांदा त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर मोकळी केली आणि एकेक कागद लावत गेल्या. पावती, म्हणजे मध्य प्रदेशातली जमिनीची वही. खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची नक्कल. रेशनकार्ड. मतदार यादीचं फाटलेलं पान. विजेची बिलं, टाचणीने टोचलेली. मुलाचा शाळेचा दाखला, दुमडून दुमडून चार तुकडे झालेला, मागून चिकटपट्टी. सर्वेवाल्यांनी घराच्या भिंतीवर लाल रंगाने टाकलेल्या नंबराचा फोटो. अर्जांच्या पोचा तर गठ्ठाभर. तहसील, कलेक्टर, पुनर्वास कचेरी, तक्रार निवारण प्राधिकरण, जिथे जिथे अर्ज दिला तिथला शिक्का.

एवढी व्यवस्थित फाइल मी इंदूरच्या वकिलांकडेही क्वचित बघितली.

मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं. तर म्हणाल्या, आंदोलनातल्या पोरींनी. गावात बैठक झाली की घोषणा शेवटी, आधी कागद. कोणाचा सर्वे राहिला, कोणाचा मुलगा सज्ञान असून यादीत नाही, कोणाचं घर पातळीच्या आत असून बाहेर दाखवलंय, याची गावागावात वही ठेवलेली होती. सरकारने अर्धवट केलेली जनगणनाच गावाने पुन्हा केली म्हणायची. टीव्हीवर हे कधी दिसलं नाही. दिसणार कसं, चटईवर बसून रकाने भरणाऱ्या बायकांचं काय शूटिंग करणार.

सज्ञान मुलांच्या शपथपत्रांत मोठी गंमत यायची. जन्मतारखा नाहीत. "सत्तरच्या महापुरात झाला." "त्याच्या पुढच्या वर्षी झाला." 1970 च्या सप्टेंबरमध्ये नर्मदेला प्रचंड पूर आला होता, निमाडात त्यावरून माणसांची वयं मोजतात. वकीलसाहेब वैतागायचे, कोर्टात पूर चालत नाही म्हणायचे. त्याच पावसाळ्यात वर पठारावर आमचे अण्णा नर्मदा आणा म्हणून फिरत होते, हे मला एकदा टाइप करता करता लक्षात आलं.

मुली यादीत नव्हत्या. निवाड्यात सज्ञान मुलगा असं लिहिलंय, मुलगी नाही. जीजींना तीन मुली. शपथपत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डबी बंद केली आणि विचारलं, "बेटी नहीं डूबती क्या?" वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. तेवढंच.

आता फर्जी, म्हणजे खोट्या रजिस्ट्र्यांबद्दल, कारण ते प्रकरण मी जवळून पाहिलं. मध्य प्रदेश सरकारने जमीन देण्याऐवजी एक विशेष पॅकेज काढलं, साडेपाच लाखांच्या आसपास रोख, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता घ्या, जमीन विकत घेतल्याची रजिस्ट्री दाखवा, दुसरा हप्ता घ्या. कागदावर सोपं. पण त्या पैशात सिंचनाची पाच एकर जमीन निमाडात कुठून मिळणार? मिळत नव्हती, म्हणून दलाल उगवले. तू फक्त अंगठा दे, रजिस्ट्री आम्ही आणतो, दुसरा हप्ता निघाला की आमचा हिस्सा. त्या रजिस्ट्र्यांच्या झेरॉक्स नंतर याचिकांना जोडून माझ्या टेबलावर आल्या. टायपिस्टाची नजर मजकुरापेक्षा मांडणीवर जाते. चतुःसीमा बघायचो, उत्तरेला कोण, दक्षिणेला कोण, पूर्वेला नाला. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या जमिनी, वेगवेगळे विकणारे, आणि चारी दिशा शब्दाला शब्द सारख्या. चूकसुद्धा तीच, "पश्चिम" मधला अर्धा श गायब. एका माणसाने एका बैठकीत कॉपी-पेस्ट केलेलं होतं. तो कुठल्या दुकानात बसत असेल याचा अंदाजही मला होता, पण जाऊ दे.

प्रकरण हायकोर्टात गेलं, 2008 मध्ये न्यायमूर्ती झा आयोग नेमला गेला. त्यापुढे द्यायची शपथपत्रं आमच्याकडे यायला लागली. काहींमध्ये एकच जमीन अनेकांना विकलेली, काही जमिनी सरकारी, काही विकणारे विकण्याआधीच वारलेले. आणि फसलेला गावकरीच आरोपी, कारण रजिस्ट्रीवर अंगठा त्याचा. आयोगाचा अहवाल यायला 2016 उजाडलं. दलाल आणि अधिकारी यांच्या साटंलोट्यावर त्यात बोट ठेवलं गेलं. पुढे कोणाचं काय झालं, ते वाचकाने ओळखावं.

ज्यांनी रोख घेतली त्यांना बाकीचे गावात तिरक्या नजरेने बघायचे हेही सांगितलं पाहिजे. आंदोलनात सगळे देव नव्हते. जमीनवाले पाटीदार आणि नदीच्या गाळात टरबूज पिकवणारे कहार-केवट यांचं दुःख एक नव्हतं. ज्याच्या नावावर पावतीच नाही त्याची पिशवी रिकामी. माझ्याकडे ज्या फायली आल्या त्या मुळात कागद असलेल्यांच्या. मासेमारीचे हक्क स्थानिक सहकारी संस्थांना द्या, ही मागणी वर्षानुवर्षं चालू होती, पण तिच्यासाठी फार पानं टाइप झाली नाहीत.

जलूदची गोष्ट वेगळी आणि मला जास्त आवडणारी. तिथे महेश्वर धरण येणार होतं, 400 मेगावॉटचं, आणि एका खाजगी कंपनीला दिलेलं. बुडीतात 61 गावं, आणि पहिलंच जलूद, जिथून इंदूर पाणी उचलतं. जानेवारी 1998 मध्ये हजारो गावकऱ्यांनी धरणाची जागाच ताब्यात घेतली, बायका पुढे. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेल्या, पुन्हा आल्या. पण या लोकांनी बुडण्याच्या दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट धरून ठेवली, विजेचा भाव. ही वीज इतकी महाग पडेल की घेणाऱ्या राज्याचं दिवाळं निघेल, हे ते आकडे मांडून सांगत राहिले. परदेशी भागीदार एकेक करून निघून गेले. भिंत उभी राहिली, वीज आली नाही, आणि 2020 मध्ये राज्य सरकारने वीजखरेदीचा करार रद्द केला. शाळा न पाहिलेल्या बायका युनिटचा दर सांगायच्या आणि भोपाळचे साहेब ऐकून घेत नव्हते. इंदूरच्या वर्तमानपत्रांत याला किती जागा मिळाली असेल? आमच्या नळाचं गाव, पण आम्हाला ते पंपहाउस म्हणून माहीत.

हे मी अण्णांना सांगितलं होतं, ते असताना, निम्मंच घडलेलं होतं तेव्हा. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "आमचं एका पावसाळ्यात ऐकलं कारण आम्ही राजवाड्यावर होतो. मुख्यमंत्र्याला इंदूर बंद झालं की कळतं. जलूद बंद झालं तर कोणाला कळणार?" आणि लगेच पुढे, "पण धरणं लागतातच." अण्णा अर्धंच मागे सरकायचे. तेवढंही खूप.

सुप्रीम कोर्टाचा पहिला मोठा निकाल 18 ऑक्टोबर 2000 चा, दोन विरुद्ध एक. न्यायमूर्ती भरुचांनी वेगळं मत दिलं होतं. बांधकाम चालू झालं, उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. भोपाळला काँग्रेस असो की भाजप, निमाडच्या फायलीला फरक पडला नाही. जून 2014 मध्ये शेवटच्या उंचीची परवानगी मिळाली. आणि 8 फेब्रुवारी 2017 ला कोर्टाने आदेश दिला, की ज्यांना जमीन मिळालेली नाही अशा 681 कुटुंबांना प्रत्येकी 60 लाख, फर्जी रजिस्ट्रीत फसलेल्यांना 15 लाख, आधी घेतलेली रक्कम वजा करून. आणि 31 जुलैपर्यंत गावं रिकामी. 60 लाखांच्या बातमीने इंदुरात लोकांचे डोळे पांढरे झाले. "लॉटरी लागली भिया यांना," असं मी किमान तीन प्रतिष्ठित माणसांकडून ऐकलं. तीस-पस्तीस वर्षं पिशवी छातीशी धरून बसल्याचे ते पैसे होते, आणि लाखो बुडितांत 681 घरं म्हणजे किती, हा हिशेब कोणी केला नाही.

त्या उन्हाळ्यात मीही खाली गेलो होतो. वकीलसाहेबांना एकाच वेळी पुष्कळ शपथपत्रं करायची होती, सगळ्यांना इंदूरला आणण्यापेक्षा नोटरीलाच तिकडे नेलं. मी लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन. चिखल्दाला कडुलिंबाखाली टेबल लावलं, वीज शेजारच्या घरातून वायर टाकून घेतली. बायकांची रांग. नाव, वडील किंवा नवरा, वय, घर नंबर, प्रिंट, वाचून दाखवणं, अंगठा, पुढची. शाईच्या डबीतून अंगठा काढला की तो पुसायला काही नव्हतं, म्हणून प्रत्येकजण मागच्या पांढऱ्या भिंतीला पुसत होती. दुपारपर्यंत सर्वेच्या लाल नंबराभोवती निळ्या अंगठ्यांची गर्दी झाली. घरमालकीण बाहेर आली, भिंत बघितली आणि नोटरीला म्हणाली, आता या भिंतीवरच शिक्का मारा, साक्षीदार पुरेसे झाले. नोटरीसाहेब हसले नाहीत, त्यांना ऊन लागलं होतं. जेवण त्याच घरी झालं, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, ताक. पैसे घ्यायला तयार नाहीत. 2019 पासून ती भिंत पाण्याखाली आहे.

2017 च्याच 27 जुलैला पहाटेच्या अंधारात राजघाटचं गांधीजींचं स्मारक प्रशासनाने जेसीबी लावून उचललं. 1965 पासून तिथे गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई यांच्या अस्थी होत्या. त्याच दिवशी चिखल्दाला मेधाताईंचं उपोषण सुरू झालं. 7 ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, पोलीस आले आणि त्यांना उचलून इंदूरच्या एका खाजगी दवाखान्यात आणलं. मग दोन-तीन दिवस शहरात चर्चा. आमच्या कट्ट्यावर दोन तट. एकाने म्हटलं, बाई हट्टी आहे. दुसरा म्हणाला, मराठी आहे ना, हट्टी असणारच. आणि त्यावर सगळे हसले, म्हणजे वाद मिटला. नंतर त्या बडवानीला निघाल्या तर वाटेत अटक झाली आणि धारच्या तुरुंगात ठेवलं. 17 सप्टेंबरला पंतप्रधानांनी धरण देशाला अर्पण केलं.

सप्टेंबर 2019 मध्ये पाणी पहिल्यांदा 138.68 ला लागलं. तेव्हा भोपाळला काँग्रेसचं सरकार होतं, त्यांनी पुनर्वसन पूर्ण नाही, धरण भरू नका असं कळवलेलं. भरलं. धरणाच्या जागी केवडियाला उत्सव झाला, राजघाटचं बेट झालं, निसरपूरचा बाजार बुडाला. बऱ्याच कुटुंबांना तात्पुरते म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. जीजींच्या धाकट्याने फोन करून विचारलं, शेडमध्ये राहतो म्हणजे पुनर्वसन झालं असं कोर्ट धरेल का. मी टायपिस्ट, वकील नाही, हे त्याला कितीदा सांगितलंय.

मग 16-17 सप्टेंबर 2023 चा पूर. याआधी काही वर्षांपूर्वी बॅकवॉटरची, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याची पातळी नव्याने काढून सुमारे सोळा हजार घरं बुडिताबाहेर आहेत असं जाहीर केलेलं होतं. म्हणजे जी घरं बुडणार म्हणून नंबर टाकले होते, ती आता बुडणार नाहीत, सबब हक्क नाही. 2023 मध्ये अशा कितीतरी घरांत पाणी शिरलं. ज्याच्या भिंतीवर लाल नंबर, त्याच भिंतीवर चिखलाची रेघ. आता ती रेघ कुठल्या मीटरला आहे यावर अर्ज चालू आहेत. भाचा ते टाइप करतो, युनिकोडमध्ये, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने, आणि पैसे मागताना लाजतो हे मी पाहिलंय. त्याला सांगितलंय, गरिबाकडून कमी घे, पण घे. फुकट केलेलं काम शेवटी राहून जातं.

निमाडातला कोणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या शेतावर, ओळखीत तिकडचं कोणी असेल, तर दुकानाच्या अनुभवातून एवढं सांगतो. 2023 च्या पुराचे फोटो मोबाइलमध्ये ठेवून भागणार नाही. फोटोत घर नंबर आणि पाण्याची रेघ दोन्ही एकत्र दिसले पाहिजेत, प्रिंट काढा, मागे तारीख आणि गाव लिहा. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या, किंवा वाचता येणाऱ्या पोराकडून वाचवून घ्या, कोऱ्या कागदावर अंगठा तर नाहीच. नक्कल मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात, बीपीएल असाल तर तेही नाही. आणि अर्ज कुठेही द्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाबू जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत बसा.